परवाना कुठं मिळतो, तेवढं छापा ना

"तुम्ही नेमकी कोणत्या कायद्याखाली परवानगी मागताय?"

टेबलापलीकडच्या साहेबांनी हा प्रश्न अगदी साध्या आवाजात विचारला. खेकसून नाही, टाळायचं म्हणूनही नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहिणाऱ्या माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्ज साधा होता. आम्ही पाच जण, हवेची एक बोट, भिऱ्याच्या खालून निघायचं आणि कुंडलिकेच्या पाण्यावरून तीन दिवसांत रेवदंड्याला समुद्र गाठायचा. दोन रात्री काठावर मुक्काम. इंजिन नाही, तिकीट नाही, पैसे घेणं-देणं नाही. आपल्याच नदीवरून आपल्याच तालुक्यातून खाली जायचं. त्याला परवानगी कशाला, असं तुम्ही म्हणाल. मित्रही तेच म्हणाले, "बोट टाकायची आणि निघायचं, कोण बघतंय?"

पण मला परवानगी हवीच होती. त्याचं कारण जुनं आहे आणि ते सांगताना मला फार बरं वाटत नाही. तरी सांगतो.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं. त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. कोलाडच्या वरच्या अंगाला राफ्टिंग जोरात होतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागायची. एका रविवारी काठावर उभं राहून मी फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी बातमी दिली. मथळा मीच दिला होता: 'विनापरवाना राफ्टिंग जोरात, पर्यटकांच्या जीवाशी खेळ'. तीन कॉलम. फोटोतल्या बोटीवर आमच्याच गावचा एक पोरगा वल्हं धरून बसलेला. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर होती, हेल्मेटही होती. बातमीत मी ते लिहिलं नाही, कारण मथळ्याशी ते जमत नव्हतं.

बातमी लागली. कुणीतरी कुणाला तरी फोन केला आणि बोटी बारा दिवस काठावर उलट्या पडल्या. ऐन सीझनचे बारा दिवस. तेराव्या दिवशी तो पोरगा माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. दारातच उभं राहून म्हणाला, "पत्रकार साहेब, एक काम करा. परवाना कुठं मिळतो, तेवढं छापा ना. आम्ही रांगेत उभं राहून काढतो."

मी म्हटलं, छापतो. मग चार-पाच ठिकाणी फोन फिरवले. नदीवर बोट चालवायचा परवाना देणारं टेबल मला सापडलं नाही. म्हणजे जो कागद अस्तित्वातच नव्हता, तो नाही म्हणून मी माणसांना गुन्हेगार ठरवून मोकळा झालो होतो. आता ही दुसरी बातमी छापायला हवी होती. मी छापली नाही. निवडणूक आली, मग पाऊस आला, विषय राहून गेला. आमच्या धंद्यात विषय असेच राहून जातात.

तो पोरगा आता पस्तिशीचा झालाय. नाव लिहीत नाही, लिहिलं तर पोस्ट वाचून आधी फोन करेल. बोटवाला म्हणू. दोन वर्षं त्यानं माझ्याशी शब्द टाकला नव्हता. पुढे एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलो आणि गाडी हळूहळू रुळावर आली. यंदा गणपतीत त्यानंच हा तीन दिवसांचा बेत काढला. बरोबर हायस्कूलचे एक निवृत्त सर, त्यांची नर्सिंग शिकणारी पुतणी आणि एक दुकानदार मित्र. सगळं ठरल्यावर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "फक्त एक. या वेळी परवाना तुम्ही काढायचा."

बाकीचे हसले. मी नाही हसलो.

आमची नदी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुंडलिकेचं वरच्या भागातलं बारमाही पाणी हे मुळात तिचं नाहीच. ते मुळशीचं. ज्या धरणाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह सुरू झाला आणि ज्यातून सेनापती बापट हे नाव महाराष्ट्राला मिळालं, तेच टाटांचं धरण. तिथून पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात येतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत सुटतं. एरवी हेच पाणी मुळेतून, भीमेतून, कृष्णेतून जात जात बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. वीज हवी म्हणून ते फिरून आमच्याकडं आलं. पाणी सुटलं की दहा-बारा किलोमीटर नदी उसळते, खडकांवरून धारा लागतात, बोटी नाचतात. पाणी थांबलं की दोन तासांत तिथंच पोरं घोट्याएवढ्या पाण्यात खेकडे शोधतात. पुढे डोलवहाळचा बंधारा, तिथून शेतीचे कालवे. त्याखाली रोहा, आणि रोह्याखाली भरती-ओहोटीची खाडी. राफ्टिंगवाले पहिल्या टप्प्यातच थांबतात. बंधाऱ्यावर बोट उचलून पलीकडं न्यायची आणि पार समुद्रापर्यंत जायचं, हे आमच्या माहितीत कुणी केलेलं नाही. म्हणून तर हौस.

तर मी अर्ज घेऊन निघालो. कार्यालयांची नावं लिहीत नाही. माणसं सगळी चांगली वागली आणि कुणाला अडचणीत आणायचा हेतू नाही.

पहिल्या ठिकाणी सांगितलं, पाणी आमच्या अखत्यारीत आहे, पण पाण्यावर जे तरंगतं ते नाही. शब्दशः असंच. बंधाऱ्याजवळ मात्र यायचं नाही, ती तंबी तोंडी. दुसऱ्या ठिकाणी 2021 च्या धोरणाची माहिती व्यवस्थित मिळाली. राफ्टिंगचा व्यवसाय करायचा तर पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी, प्रशिक्षित माणसं, साधनं, विमा, सगळं आलं. मी खूश झालो. मग त्यांनी विचारलं, "पैसे घेणार?" म्हटलं, नाही. "मग तुम्ही आमच्यात बसत नाही." म्हणजे धंदा करणार असतो तर रस्ता होता. हौस म्हणून जायचं तर रकानाच नाही! तिसऱ्या ठिकाणी खाडीचा विषय निघाला. बोटीला इंजिन किती, नंबर काय? बोट घडी करून टेम्पोच्या मागं टाकता येते म्हटल्यावर साहेब हसले आणि चहा सांगितला. चौथं ठिकाण म्हणजे ज्यांच्याकडे आपण सगळे शेवटी जातो ते. तिथं अर्ज घेतला, आवकचा शिक्का मारला आणि सल्ला दिला की 'सर्वस्वी आमच्या जबाबदारीवर' असं खाली लिहून द्या. 'कोणत्या कायद्याखाली' हा प्रश्नही यातल्याच एका ठिकाणचा. मी चार दिवस त्यावर विचार करत होतो.

त्याच आठवड्यात मावसभावाचा फोन आला. तो बारा-तेरा वर्षं अमेरिकेत, ॲरिझोनात. लहानपणी मे महिन्यात आमच्याकडं यायचा आणि याच नदीत माझ्याबरोबर डुंबायचा. त्याचा आवाज आनंदानं वर चढलेला. "दादा, लॉटरी लागली!" मला वाटलं पैशाची. पैशाची नव्हे, नदीची. ग्रँड कॅन्यनमधून कोलोराडो नदीवरून बोटीनं जायचा परवाना त्याला चौथ्या वर्षी लागला होता.

मी त्याला तासभर फोनवर धरून ठेवला. पत्रकाराची खोड. त्यानं जे सांगितलं ते नंतर मी ताडूनही पाहिलं.

तिथं खासगी मंडळींना, म्हणजे कुणाच्या कंपनीतून पैसे भरून नव्हे तर आपली आपण बोट घेऊन जाणाऱ्यांना, परवाना लॉटरीनं मिळतो. मुख्य सोडत फेब्रुवारीत, पुढच्या वर्षीच्या तारखांसाठी. अर्जाचे 25 डॉलर, नंबर लागो न लागो. आधी तिथं प्रतीक्षायादी होती. ती इतकी वाढली की माणसं दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त थांबून राहिली. शेवटी 2006 साली यादी बंद करून ही सोडत आणली. सोडतसुद्धा आंधळी नाही. जो अलीकडे त्या नदीवर जाऊन आलाय त्याची संधी कमी, जो गेलेला नाही त्याची जास्त. एका माणसाला वर्षातून एकच फेरी. मोठ्या परवान्यात जास्तीत जास्त 16 माणसं. लीज फेरीला बोट टाकायची आणि 226 मैल खाली डायमंड क्रीकला किंवा त्याहून पुढं काढायची. आपल्या हिशेबानं साडेतीनशे किलोमीटरच्या वर. उन्हाळ्यात डायमंड क्रीकपर्यंत 16 दिवसांत पोचायचं, हिवाळ्यात 25 पर्यंत मुभा. आणि डायमंड क्रीकचा रस्ता हुआलापाय या आदिवासी राष्ट्राच्या जमिनीवरून जातो, म्हणून त्यांची परवानगी वेगळी, पैसे वेगळे. हे मला फार आवडलं.

माझ्या भावाला जानेवारीची तारीख मिळाली. कडाक्याची थंडी. उन्हाळ्याच्या तारखांवर सगळ्यांचा डोळा, म्हणून याने मुद्दाम हिवाळा मागितला होता. आमचं कोकणी डोकं तिथंही चाललं म्हणायचं.

पण खरी गंमत परवान्याच्या अटींत आहे. परवाना एका माणसाच्या नावावर. तो दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, आणि तो माणूस स्वतः बोटीवर असलाच पाहिजे. निघायच्या जागी रेंजर येतो, सगळ्यांची ओळखपत्रं बघतो, लाइफ जॅकेट बघतो, सामान तपासतो. चूल पेटवायची तर लोखंडी परातीत, आणि राख बरोबर घेऊन यायची. आणि शौच? तेही बरोबर घेऊन यायचं. सोळा माणसांचं सोळा दिवसांचं, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून, बोटीवर बांधून. लघवी मात्र थेट नदीतच करायची, काठावरच्या वाळूत नाही, कारण पाणी भरपूर आणि मुक्कामाच्या वाळूच्या जागा मोजक्या. मी दोनदा विचारलं, चेष्टा करतोयस का? तो म्हणाला, "दादा, नियमच आहे."

तिथंही सगळं आलबेल नाही. पैसेवाल्यांना कंपन्यांमार्फत पुढच्या हंगामाची जागा विकत घेता येते आणि स्वतः वल्हं मारणारा सोडतीत नशीब आजमावत बसतो, हे भांडण तिथं जुनं आहे. आयडाहोत साल्मन, सेलवे वगैरे नद्यांनाही अशीच सोडत. त्यातल्या सेलवेवर हंगामात दिवसाला एकच गट सोडतात. एक! आपल्या एखाद्या धबधब्यावर रविवारी दिवसाला एक गट म्हटलं तर दंगल होईल.

तिथली नदीसुद्धा आमच्यासारखीच टर्बाइनमधून येते, हे मला माहीत नव्हतं. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यनचं धरण आहे, 1963 पासून पाणी अडवतंय. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी चढतं, उतरतं. रात्री बोट कशी बांधायची हेसुद्धा त्यावर ठरतं. फरक एवढाच, की कोणत्या महिन्यात किती पाणी सोडणार याचे आकडे कुणालाही वाचता येतील असे जाहीर होतात. आमच्या बोटवाल्याला सकाळचं पाणी कधी येणार हे ओळखीच्या माणसाच्या फोनवरून कळतं. तो फोन लागला नाही तर तो खडकाला केलेली चुन्याची खूण बघत बसतो.

वीस वर्षांत बुडालेल्यांच्या किती बातम्या मी दिल्या असतील, मोजल्या नाहीत. मजकूर जवळजवळ पाठ असतो. वय, गाव, 'पाण्याचा अंदाज न आल्याने', स्थानिकांनी मृतदेह बाहेर काढला. ते स्थानिक म्हणजे बहुतेक वेळा हेच बोटवाले. दोर त्यांचा, बोट त्यांची, आणि बातमीत त्यांना नाव नसतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला. त्यानंतर काय झालं? बंदी आदेश. दर पावसाळ्यात आपल्याकडं हे आदेश निघतात, इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत, अमुक धबधबे, तमुक धरणं. मीही ते कर्तव्य म्हणून छापतो. चुकीचे असतात असं नाही, पुराच्या पाण्यात कुणी उतरू नयेच. पण आपल्याकडे पाणी एक तर सताड उघडं किंवा साफ बंद. मधली पायरी नाही. किती माणसं, कोणत्या दिवशी, कुणाच्या जबाबदारीवर, कोणत्या तयारीनं, हे विचारणारं कुणी नाही. 2018 च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं तिथलं राफ्टिंगच थांबवलं होतं, आधी सरकारनं धोरण करावं म्हणून. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बरं झालं. आज तसं म्हणवत नाही. ऋषिकेशचा कुणी वल्हंवाला तेव्हा दारात उभा राहून काय म्हणाला असेल, ते मला माहीत आहे.

आता राहिलं पाचवं ठिकाण. पहिल्या रात्रीचा मुक्काम ज्या गावाच्या हद्दीत पडतो तिथली ग्रामपंचायत. खरं तर तिथं मी केवळ सांगून ठेवावं म्हणून गेलो होतो. सरपंच ताई भाताच्या झोडणीवरून थेट आलेल्या, डोक्याला फडकं तसंच. अर्ज वाचला आणि कायद्याचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं ते असं.

"किती माणसं?" पाच. "बाई आहे का त्यात?" एक मुलगी, सरांची पुतणी. "मग रात्री शाळेच्या पडवीत झोपा, नदीवर नको, सकाळी पाणी कधी वाढेल नेम नाही." "जेवण कुठं करणार?" काठावर. "चूल विझवणार ना? गवत वाळलंय." "परसाकडंला कुठं जाणार?" मी गप्प. "शाळेचा संडास वापरा, नदीकडं जायचं नाही. खालच्या वाडीची नळयोजना त्याच पाण्यावर आहे." "आणि दुसऱ्या दिवशी खाली पोचलात की कळवणार कुणाला? नाही कळवलंत तर आम्ही शोधायला किती वाजता निघायचं?"

मी वही काढून हे सगळं लिहून घेतलं. दोन-दोन डिग्र्या घेतलेल्या साहेबांनी जे विचारलं नव्हतं आणि ग्रँड कॅन्यनचा रेंजर जे विचारतो, ते सातवी शिकलेल्या बाईनं पाच मिनिटांत विचारलं. मी त्यांना लघवीचा अमेरिकन नियम सांगितला. ताई म्हणाल्या, "त्यांची नदी असेल मोठी. आमच्या नदीत नको."

घरी येऊन मी एका कागदावर नमुना तयार केला. कुणीच फॉर्म देत नाही तर आपण करावा. प्रवासाच्या तारखा, निघायची जागा, मुक्कामाच्या दोन जागा, पोचायची जागा. प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, घरचा फोन, पोहता येतं का. लाइफ जॅकेट किती, दोर किती. कचरा कुठं टाकणार, संडास कुठला. किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. आणि सगळ्यात वर, मोहिमेच्या प्रमुखाचं नाव आणि सही. दोन पानं झाली. त्याच्या प्रती मी वाटेतल्या ग्रामपंचायतींत आणि त्या चारही कार्यालयांत देऊन आलो. कुणी घेतली नाही असं झालं नाही. एका ठिकाणी तर तरुण कारकुनानं कोरी प्रत मागून घेतली, त्याच्या ट्रेकच्या ग्रुपला उपयोगी पडेल म्हणून. मी मुद्दाम दोन जास्तीच्या दिल्या.

याला परवाना म्हणता येणार नाही, हे मला कळतं. उद्या काही बरंवाईट झालं तर हा कागद आम्हाला वाचवेल की अडकवेल, हे वकील मित्रालाही सांगता आलं नाही. बारा दिवसांची ती बातमीही यानं पुसली जाणार नाही. तिचं कात्रण बोटवाल्यानं अजून ठेवलंय, बोटींच्या शेडमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. परवा मी तिथं गेलो तेव्हा पाहिलं. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही.

त्यानं माझा कागद मात्र दोनदा वाचला. पहिल्या पानावर शेडची पायरी वाळूची होती म्हणून वल्ह्यावर ठेवून सही केली. प्रमुख म्हणून त्याचंच नाव आहे, त्यावर कुणाचा वाद नाही. मग यादी बघत खाली आला. माझं नाव पाचव्या क्रमांकावर. 'पोहता येतं का' या रकान्यात मी 'थोडंफार' लिहिलंय.

"हे खोडा," तो म्हणाला. "'नाही' लिहा. मला तसं धरून तयारी करायला लागेल."

डिसेंबरचा पहिला शनिवार धरलाय.